मंगळवारचा चहा

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास बाळगोंडा अण्णा आमच्या पुढच्या सोप्यात येऊन बसले. अंगात खाकी शर्ट, वरचं बटण तुटलेलं, तिथं सेफ्टी पिन लावलेली. बसता बसता त्यांनी कमरेची पानाची चंची काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि मी दिलेला चहा बशीत ओतला.

“साखर कमी हाय, अक्का,” एक घोट घेऊन ते म्हणाले.

मी आत जाऊन अर्धा चमचा साखर आणून कपात घातली.

“तुमी लौकर या बघा कामावर. परमिट घ्यायचं तर तुमच्याच हातचं. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी पोलवर चढत न्हाई.”

“रोज चढताय की!”

“चढतोय. पर जीव मुठीत धरून.”

मला बरं वाटलं. चार महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. संध्याकाळी बसून मी हे सगळं वहीत लिहून काढलं, साखरेसकट.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. गडहिंग्लजपासून बारा किलोमीटरवरच्या आमच्या वीज सबस्टेशनात मी ऑपरेटर होते. तिथं त्या खुर्चीत बसलेली पहिली बाई मी. अकरा वर्षं बसले होते आणि ती खुर्ची मला माझ्या माहेरापेक्षा जवळची होती. दर तासाला मीटर बघून आकडे लिहायचे, गावोगाव जाणाऱ्या लाईनींवर, म्हणजे फीडरवर, नजर ठेवायची, आणि सगळ्यात मोठं काम परमिटचं. लाईनमन पोलवर चढण्याआधी ऑपरेटरकडं येतो. ऑपरेटर ती लाईन बंद करतो, ब्रेकरवर ‘माणसे काम करत आहेत’ अशी पाटी अडकवतो आणि परमिट बुकात लाईनमनची सही घेतो. काम झालं की लाईनमननं स्वतः येऊन दुसरी सही करायची. त्या दुसऱ्या सहीनंतरच लाईन चालू. मधल्या वेळात त्या माणसाचा जीव ऑपरेटरच्या ध्यानात असतो, दुसरीकडं कुठं नाही.

बाळगोंडा अण्णांची त्यात आणखी एक पद्धत होती. चढायला जाताना ते आपली चंची माझ्या टेबलावर ठेवून जायचे. “ही हितं हाय तवर मी वर हाय,” म्हणायचे. पानाशिवाय त्यांना तासभर निघत नसे. त्यामुळं उतरल्यावर ते आधी चंचीकडं यायचे आणि मग सहीकडं.

त्या जानेवारीत उसाच्या ट्रॉलीनं माझ्या स्कूटीला मागून धक्का दिला. डोक्याला मार बसला. कोल्हापुरात अकरा दिवस दवाखान्यात होते. हात, पाय, बोलणं, जुन्या आठवणी सगळं शाबूत राहिलं, फक्त नवीन काही टिकेना. सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता यायचं नाही. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सुधारेल, पण मधला काळ परत यायचा नाही, रोजचं लिहून ठेवत जा.

आमचे हे, विश्वनाथ, प्राथमिक शाळेत शिक्षक. यांना फोनचं भारी वेड. त्याच दिवशी बसस्टँडवर उभ्या उभ्या यांनी माझ्या फोनवर डायरीचं ॲप घेतलं.

“बघ जयू, तू कुठं गेलीस ते हे आपोआप टिपतंय. फोटो काढलास की त्या दिवसात जाऊन बसतोय. आणि ही तोंडं बघ. आज कसं वाटलं, त्या तोंडावर बोट ठेवायचं.”

पाच तोंडं होती, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. मला कसं वाटत होतं ते त्यातल्या एकावरही नव्हतं.

“मला दोनशे पानी वही आणा,” मी म्हटलं. “मी अकरा वर्षं हातानं लॉगशीट लिहिली आहे. हातानं लिहिलेलं माझ्या डोक्यात राहतं.”

“डोक्यात राहत नाही म्हणून तर हे सगळं.”

“वही आणा.”

यावर आमची चांगली जुंपली. शेवटी यांच्यातला मास्तर जागा झाला. यांनी तक्ता आखला. सोमवार, बुधवार, शुक्रवार ॲप. मंगळवार, गुरुवार, शनिवार वही. रविवारी सकाळी परीक्षा. फोन आणि वही दोन्ही यांच्याकडं जमा आणि प्रत्येक दिवसावर दहा प्रश्न. गुरुवारी भाजी कोणती होती? बुधवारी कोण आलं? सोमवारी तू कुठं गेलीस?

चार आठवडे परीक्षा चालली. वहीच्या दिवसांना मला शंभरात ब्याऐंशी मार्क पडले आणि ॲपच्या दिवसांना एकतीस. यांनी दोनदा बेरीज तपासली. मग मुकाट्यानं उठून दुकानातून आणखी तीन वह्या आणून माझ्यापुढं ठेवल्या. मी तो मार्कांचा तक्ता कपाटाला आतून चिकटवला आणि दिवसातून दोनदा उघडून बघू लागले. येत्या शनिवारी शिंत्रे साहेबांकडं जायचं होतं. उपअभियंता तेच. मला खुर्ची परत द्यायची की कायमचं बिलाच्या टेबलावर बसवायचं, ते तेच ठरवणार होते. ब्याऐंशी टक्के घेऊन जाणार होते मी. डिस्टिंक्शन!

त्याआधीच्या रविवारी बाळगोंडा अण्णा रताळ्यांची पिशवी घेऊन आले. मी चहा टाकला आणि आतूनच म्हटलं, “अण्णा, आज साखर नीट घातली आहे. मंगळवारसारखं नाही होणार.”

“कंच्या मंगळवारी?”

“परवाच्या. तुम्ही आला होता ते.”

अण्णांनी यांच्याकडं बघितलं. यांनी माझ्याकडं.

“अक्का, मी न्हाई आलो मंगळवारी,” अण्णा सावकाश म्हणाले. “मंगळवारी दिसभर मी हलकर्णीला होतो. फोन केलतो तेवढा. तुमचा अपघात झाल्यावर तुमच्या दारात मी आज पैल्यांदा पाय ठेवतोय.”

मी हसले. म्हातारपणी अण्णांचंच डोकं चालेना, असं वाटलं. मी वही आणून ते पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. माझं अक्षर, सरळ ओळी, कुठं खाडाखोड नाही. खाकी शर्ट, सेफ्टी पिन, बशी, अर्धा चमचा साखर, पोलवर जीव मुठीत धरून.

अण्णांनी बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं. “हे पोलचं बोललो होतो मी,” ते म्हणाले. “पर फोनवर.”

यांनी माझा फोन काढला. मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी अण्णांचा फोन, चार मिनिटं. आणि वहीच्या दिवशी बंद ठेवायचं ठरलेलं ॲप यांनी बंद केलंच नव्हतं. त्यात मंगळवारी पावणेअकरा ते साडेअकरा मी घरात नव्हतेच. गिरणीत होते, दळण घेऊन.

चहा उतू गेला. मी उठले नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली आणि ती तोंडातून बाहेर पडायला भीती वाटत होती, तरी मी बोलले.

“अहो, वहीच्या दिवसांचे मार्क तुम्ही कशावरून दिलेत?”

“वहीवरून.”

“आणि ॲपच्या दिवसांचे?”

“ॲपमधले फोटो, वेळा, जागा बघून...” हे मधेच थांबले. मग त्यांनी डोक्याला हात लावला. “अगं आई गं! एकोणीस वर्षं मास्तरकी केली आणि पोरानं लिहिलेल्या पेपरावरूनच पोराला मार्क दिले की मी.”

मला जे लिहिलं होतं ते आठवत होतं. जे घडलं ते नाही. रोज संध्याकाळी मी दिवस आठवत बसायचे, आणि जिथं भोक पडलेलं असेल तिथं माझं डोकं काहीतरी सुबक विणून द्यायचं. मी ते सुंदर अक्षरात लिहायचे आणि मग पाठ करायचे. ॲपला खरं काय ते सगळं ठाऊक होतं, पण त्यातलं माझ्या डोक्यात काहीच उतरत नव्हतं.

अण्णांनी वही मिटून माझ्या हातात दिली. त्यांना जे कळलं होतं तेच मला कळलं होतं. आज मला ते चहाला आल्यासारखे आठवत होते. उद्या ते पोलवरून उतरल्यासारखे आठवले असते, आणि मी लाईन चालू केली असती.

“ते पान फाड,” संध्याकाळी हे म्हणाले. “शनिवारी साहेब बाकीची वही बघतील. एक पान गेल्यानं काय होतंय?”

“तुम्ही पोलवर चढाल का, मी टेबलावर असताना?”

मला रडू आलं, मी रडून घेतलं. मग तोंड धुऊन त्या पानावर पट्टी ठेवून एक तिरकी रेघ मारली, खालचं सगळं वाचता येईल अशी. दुसऱ्या दिवशी अण्णांना बोलावून त्याखाली त्यांच्या हातानं लिहून घेतलं, ‘हे घडलं नाही. बाळगोंडा पाटील.’

शनिवारी शिंत्रे साहेबांपुढं मी तेच पान उघडून ठेवलं. साहेबांनी चष्मा वर करून वाचलं.

“बाई, हे तुम्ही दाखवलं नसतं तर मला कळलंही नसतं.”

“म्हणून दाखवलं.”

“मग मी आता काय समजायचं? बिलाचं टेबल चांगलं आहे. पंखा आहे. चार माणसांत बसाल.”

“साहेब, मला तीन महिने द्या. तीन महिन्यांनी एक पाळी तुम्ही स्वतः समोर बसून बघा. त्यात माझी एक जरी चूक निघाली तर पंख्याखाली जाऊन बसते.”

“आणि तीन महिन्यांत डोकं बरं होणार?”

“डोक्याचं मला माहीत नाही. मी डोक्याला विचारणारच नाही.”

साहेबांना ते फारसं पटलं नाही, पण त्यांनी तारीख लिहून घेतली.

घरी येऊन मी यांना म्हटलं, “तुमच्या ॲपला घंटा आहे का?”

“आहे की! पाहिजे तेवढ्या वेळा वाजेल.”

“दर अर्ध्या तासाला लावा. बाकी त्याची तोंडं वगैरे काढून टाका.”

घंटा वाजली की हातातलं काम टाकून वही उघडायची आणि त्या क्षणी डोळ्यांपुढं जे आहे तेवढंच लिहायचं. मघाशी काय झालं ते लिहायचं नाही. सकाळचं तर मुळीच नाही. जो माणूस समोर असेल त्याची खाली सही. फोन वेळ सांगणार, डोळे बघणार, हात लिहिणार. आठवणीला या कामातून मी रजा दिली.

गल्लीला करमणूक झाली. शेजारच्या शालन वहिनी वाटीभर दही मागायला आल्या तरी मी वही पुढं करायचे. “जयमालाकडं दह्याला बी सही करावी लागती,” असं त्या गावभर सांगत सुटल्या. सासूबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या अंगठा उठवायच्या आणि वर म्हणायच्या, “माझं घर लिहून घेशील एक दिवस.” तीन महिन्यांत चार वह्या भरल्या. मधूनमधून मी मुद्दाम डोळे मिटून कालचा दिवस आठवायचे आणि मग वही बघायचे. काहीतरी एक चुकायचंच. पुढं ते चुकणं कमी झालं, पण थांबलं नाही. आणि मला त्याची भीती वाटायची बंद झाली.

ऑगस्टमध्ये माझी पाळी लागली, सकाळी आठ ते चार. शिंत्रे साहेब डबा घेऊन आले आणि शेजारच्या खुर्चीत बसले. साडेदहाला बाळगोंडा अण्णा आले. एका फीडरवर वस्तीजवळचा जंपर, म्हणजे तारेला तार जोडणारा तुकडा, जळला होता. मी लाईन बंद केली, पाटी अडकवली, सही घेतली. अण्णांनी चंची काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली.

“येतो, अक्का.”

“या.”

अकरा, साडेअकरा. प्रत्येक घंटेला मी वहीत लिहीत होते आणि साहेब मुकाट सही करत होते. त्यांच्या तोंडावर कंटाळा दिसत होता. पावणेबाराला ते ट्रान्सफॉर्मरचं तेल बघायला यार्डात गेले. त्याच वेळी फोन सुरू झाले. पाणीपुरवठ्याची मोटार बंद, पिठाची गिरणी बंद, एका घरात बारसं. लाईन कधी येणार, लाईन कधी येणार. बाराला घंटा वाजली तेव्हा मी एक फोन कानाला लावलेला होता आणि दुसरा वाजत होता. तेवढी एक नोंद राहून गेली.

बारा वाजून दहा मिनिटांनी साहेब हात पुसत आत आले.

“अजून बंद? पाटील उतरला नाही?”

“उतरले की,” मी म्हटलं. “मघाशीच आले. बाहेरच्या नळावर हात धुतले. झालं म्हणाले.”

“मग चालू करा की लाईन. गाव खोळंबलंय.”

मी उठले. पाटी काढायला ब्रेकरपाशी गेले. पाटीला हातही लावला. अण्णांचे ओले हात माझ्या डोळ्यांपुढं होते. नळाचा आवाज कानात होता. मग मी परत फिरले आणि परमिट बुक उघडलं. दुसऱ्या सहीची जागा कोरी होती.

“काय झालं?”

“सही नाही, साहेब.”

“विसरला असेल करायला. आला होता ना? तुम्हाला नीट आठवतंय?”

“नीट आठवतंय. म्हणूनच नको.”

साहेब काहीतरी बोलणार होते. त्यांची नजर टेबलाच्या कोपऱ्यावर गेली. त्यांनी चंची उचलली, तिच्याकडं बघितलं आणि हळूच होती तिथं ठेवली. मी वही ओढून लिहायला घेतलं. बारा वाजून बारा. साहेब खुर्चीत. पाटी ब्रेकरवर. चंची टेबलावर. सही नाही. मला अण्णा उतरलेले आठवतात, त्यांचे ओले हात, नळाचा आवाज, साहेबांना मी तसं सांगितलं, साहेब लाईन चालू करा म्हणाले, मी केली नाही. फोन वाजतच होते. दोघांपैकी कुणीही उचलला नाही.

बारा वाजून अडतीस मिनिटांनी बाळगोंडा अण्णा घामानं निथळत दारात आले. हात कोरडे आणि काळे होते. आधी त्यांनी चंची उचलली.

“दोन ठिकाणी जळालता, म्हणून येळ लागला,” ते म्हणाले. “आताच उतरतोय. काय झालं? तोंडं का अशी तुमची?”

“काही नाही,” साहेब म्हणाले. “इथं सही करा.”

अण्णांनी सही केली. मी पाटी काढली आणि लाईन चालू केली. साहेबांनी माझी वही आपल्याकडं घेतली आणि बारा बाराच्या नोंदीखाली सही केली. अक्षर वाकडं आलं. मग त्यांनी तिथंच अण्णांचीही सही घेतली, कशाबद्दल ते न सांगता. चार वाजता जाताना दारातून मागं वळून म्हणाले, “उद्या आठला या. मी नसेन.”

त्यानंतर नऊ वर्षं मी त्या खुर्चीत काढली, आणि अजून काढते आहे. अण्णा निवृत्त झाले. परवा आले होते, नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. वहीत त्यांची सही आहे.

त्या वर्षातलं इथं जे सांगितलं ते यांना विचारून आणि वह्यांतून उतरवलं आहे; ऑगस्टमधल्या त्या पाळीतलं वहीतून आणि तक्रारींच्या रजिस्टरातून, आणि शेवटचा भाग अण्णांना आणि साहेबांना विचारून लिहिला आहे. मला स्वतःला त्यातलं काहीच आठवत नाही. ना साहेबांचा चेहरा, ना फोन, ना पाटीवर ठेवलेला हात. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, ते वर्ष गेलं ते गेलंच. त्या वर्षातला एकच दिवस माझ्याकडं जसाच्या तसा आहे. बाळगोंडा अण्णा सोप्यात बसले आहेत, शर्टाला सेफ्टी पिन आहे, चंची खिडकीत आहे आणि चहात साखर कमी आहे. ती आणायला मी उठते.